साठ मिनिटांनी पट्टी परत कोणी आणली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोग-पेशींवर टीएनएफ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन घातलं, ० आणि ६० मिनिटं असे दोनच नमुने घेतले आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला. एनएफ-कप्पा-बीला बांधून ठेवणाऱ्या आयकप्पाबी-अल्फाची पट्टी दोन्हीकडे सारखीच दिसली. म्हणजे एनएफ-कप्पा-बी हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) सुरू झालाच नाही का? जोडीला दुसरी शंका: पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत संदेशाची वाट ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरपाशी संपते, मग ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर संदेशवहनाची जनुकं नियंत्रित करतात’ या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा?

दोन्ही शंकांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकत्रच घेतो. तुमचा एनएफ-कप्पा-बी बहुधा व्यवस्थित सुरू झाला होता. १५ मिनिटांचा नमुना घेतला असता तर ती पट्टी जवळजवळ गायब दिसली असती. ६० मिनिटांनी दिसते ते मधल्या वेळात नव्याने बनलेलं प्रथिन आहे, आणि ते बनवायला लावलं खुद्द एनएफ-कप्पा-बीने. ज्याने आपल्याला बांधून ठेवलं होतं त्याचंच जनुक त्याने मोकळं झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत चालू केलं.

आकृतीतला शेवटचा बाण दिशाभूल करतो तो इथेच. पेशीबाहेरचा रेणू, मग रिसेप्टर (तो रेणू धरणारं पेशीचं प्रथिन), मग कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम), मग ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, आणि सगळ्यात खाली ‘जनुक-अभिव्यक्ती’ असं लिहून पान संपतं. पण संदेश आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात जी जनुकं जागी होतात त्यांची यादी काढून बघा. त्यात त्याच वाटेवरचे भाग मोठ्या संख्येने सापडतात: त्या वाटेचे अवरोधक, तिचे रिसेप्टर, तिला चेतवणारे रेणू, आणि ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरची स्वतःचीसुद्धा जनुकं. म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर संदेश वाचतो आणि पुढचा संदेश कसा वाचला जाईल हेही ठरवून ठेवतो. माणसात असे सुमारे १,६०० फॅक्टर आहेत. सगळ्यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. एनएफ-कप्पा-बी नीट समजला की बाकीचे पुष्कळसे ओळखीचे वाटू लागतात, म्हणून त्याच्यावरच थांबतो.

१९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना बी पेशींच्या केंद्रकात एक प्रथिन सापडलं. ते अँटिबॉडीच्या कप्पा साखळीच्या जनुकाच्या एन्हान्सरमधल्या (जनुकाला जोर देणाऱ्या डीएनएच्या तुकड्यातल्या) जीजीजीएसीटीटीटीसीसी या दहा अक्षरांना चिकटत होतं. आधी वाटलं की हे फक्त बी पेशींचं प्रथिन असावं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या शोधनिबंधात त्यांनी दाखवलं की बी पेशींच्या आधीच्या अवस्थेतल्या पेशींमध्ये जिवाणूच्या आवरणातलं एलपीएस घातलं की ते दिसू लागतं. सायक्लोहेक्सिमाइडने नवी प्रथिनं बनणं थांबवलं तरीही ते दिसतंच. म्हणजे ते पेशीत तयारच असतं, फक्त अडवून ठेवलेलं असतं. १९८८ मध्ये पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी पेशीद्रवावर डीऑक्सिकोलेट हे डिटर्जंट वापरलं, तेव्हा सुप्त एनएफ-कप्पा-बी मोकळा झाला. अडवणारं प्रथिन वेगळं आहे हे त्यातून कळलं, आणि तेच आयकप्पाबी.

आता तुमच्या डिशमध्ये पहिल्या १५ मिनिटांत काय घडलं ते बघू. टीएनएफ आपल्या रिसेप्टरला चिकटतं, आत प्रथिनांचा एक गट जमतो, त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या चढतात आणि त्यांच्या आधाराने आयकेके हे कायनेज-संकुल जागं होतं. त्यात आयकेके-अल्फा, आयकेके-बीटा आणि नेमो असे तीन घटक असतात. हे संकुल आयकप्पाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. ती खूण बीटा-टीआरसीपी ओळखतं, युबिक्विटिन चढतं आणि प्रोटिअसोम त्या प्रथिनाचा चुरा करतो. आयकप्पाबीने झाकून ठेवलेली एनएफ-कप्पा-बीवरची केंद्रकात जाण्याची खूण उघडी पडते. २०-३० मिनिटांत तो बऱ्यापैकी केंद्रकात पोहोचलेला असतो.

इथवरचं सगळ्यांना पाठ असतं. खरी गंमत केंद्रकात आहे.

एनएफ-कप्पा-बी हे पाच भावंडांचं कुटुंब आहे: रेलए (यालाच पी६५ म्हणतात), रेलबी, सी-रेल, पी५० आणि पी५२. ती जोडीनेच डीएनएवर बसतात. सर्वाधिक भेटणारी जोडी रेलए-पी५०. जनुक चालू करणारा भाग फक्त तीन रेल-प्रथिनांकडे आहे. पी५० किंवा पी५२ कडे तो नाही, म्हणून पी५०-पी५० अशी जोडी एखाद्या जागेवर बसली तर ती बहुतेक वेळा जागा अडवून जनुक बंदच ठेवते.

आता एक हिशोब करा. या जोड्यांना आवडणारा ढोबळ क्रम असा: तीन जी, मग ए किंवा जी, मग कोणतीही दोन अक्षरं, मग दोनदा सी किंवा टी, शेवटी दोन सी. असा क्रम निव्वळ योगायोगाने दर ८,१९२ अक्षरांमागे एकदा येईल. आपल्या तीन अब्ज अक्षरांत, एकाच धाग्यावर, साडेतीन लाखांहून जास्त वेळा. उत्तेजित पेशीत रेलए प्रत्यक्षात कुठे बसलेला आहे हे चिप-सीक्वेन्सिंगने (अँटिबॉडीने प्रथिनासकट डीएनएचे तुकडे पकडून ते वाचण्याच्या पद्धतीने) मोजलं तर जागा हजारोंच्या घरात निघतात. बाकीचे क्रम गेले कुठे? बहुतांश न्यूक्लिओसोममध्ये (हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांभोवती) गुंडाळलेले, बंद क्रोमॅटिनमध्ये (डीएनए आणि प्रथिनांच्या घट्ट गुंडाळीत) असतात. रेलए तिथे सहजासहजी पोहोचत नाही. पेशी घडत असताना दुसऱ्या फॅक्टरांनी आधीच उघडून ठेवलेल्या जागांवर तो जाऊन बसतो. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींमध्ये हे उघडण्याचं काम मुख्यतः पीयू.१ हा फॅक्टर करतो. हेलामध्ये तो नाही. म्हणूनच तेच टीएनएफ आणि तोच रेलए असूनही मॅक्रोफेज आणि हेला यांची चालू होणाऱ्या जनुकांची यादी वेगळी निघते. ‘टीएनएफ दिल्यावर अमुक जनुक चालू होतं’ असं वाक्य पेशीचं नाव न सांगता लिहिणाऱ्या प्रबंधावर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो.

एनएफकेबीआयए, म्हणजे आयकप्पाबी-अल्फाचं जनुक, मात्र जवळजवळ प्रत्येक पेशीत तयारीत असतं. त्याच्या प्रमोटरमध्ये (जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात) एनएफ-कप्पा-बीसाठी एकापेक्षा जास्त जागा आहेत, आणि तिथलं क्रोमॅटिन आधीपासून उघडं असतं. रेलए बसला की पी३०० किंवा सीबीपी ही मदतनीस प्रथिनं येतात, हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चढतात, मीडिएटर आणि आरएनए पॉलिमरेज-२ कामाला लागतात, आणि काही मिनिटांत आरएनए दिसू लागतो. हा आरएनए अल्पायुषी असतो, फॅक्टर निघून गेला की पातळी झटकन उतरते. दाह वाढवणाऱ्या आयएल-६चं किंवा आयएल-१२च्या पी४० उपघटकाचं जनुक असं तत्पर नसतं. तिथे आधी न्यूक्लिओसोम बाजूला सारावे लागतात, त्यासाठी एसडब्ल्यूआय-एसएनएफसारखी यंत्रं लागतात, कधी मधल्या काळात बनलेली नवी प्रथिनंही लागतात. म्हणून ब्रेक, म्हणजे आयकप्पाबी-अल्फा, आधी तयार होतो आणि दाह वाढवणारी कित्येक साधनं नंतर. हा क्रम प्रथिनांत कुठेच लिहिलेला नाही, तो त्या त्या जनुकाच्या प्रमोटरमध्ये लिहिलेला आहे.

रेलए आयकप्पाबी-अल्फाचं जनुक चालवतो हे १९९३ मध्ये पुढे आलं. वॉर्नर ग्रीन यांच्या प्रयोगशाळेतून शाओ-काँग सन आणि सहकाऱ्यांनी ‘स्वतःला आवरणारं वर्तुळ’ म्हणून त्याची मांडणी केली. नवं आयकप्पाबी-अल्फा पेशीद्रवात बनतं, केंद्रकात शिरतं आणि डीएनएवर बसलेल्या रेलएला अक्षरशः सोलून काढतं. तो आपोआप सुटेपर्यंत ते वाट बघत नाही. मग दोघं मिळून केंद्रकाबाहेर पडतात. तुमची ६० मिनिटांची पट्टी या वर्तुळाचा पहिला फेरा पूर्ण झाल्याची खूण आहे.

घराच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉल व्हॉल्व्ह जसा पाणी चढलं की आपसूक नळ बंद करतो, तसंच हे आहे, एक फरक सोडून: इथला गोळा पाणी चढल्यानंतर बनायला सुरुवात होते. आरएनए बनणार, तो बाहेर जाणार, त्यावरून प्रथिन बनणार, ते परत आत येणार. या उशिरामुळे पातळी एका जागी स्थिर होत नाही, वरखाली झुलते. २००२ मध्ये अलेक्झांडर हॉफमन, आंद्रे लेव्हचेंको आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूप आणि प्रयोग यांची सांगड घालून हे मांडलं. आयकप्पाबी-अल्फा हा ब्रेक जलद आणि जोरदार असतो, त्याच्या एकट्याच्या जोरावर झोके सुरू होतात. बीटा आणि एप्सिलॉन ही भावंडं ते झोके शमवतात. २००४ मध्ये मायकेल व्हाइट यांच्या गटाने चमकणारा रेलए एकेका जिवंत पेशीत पाहिला. तो केंद्रकात जातो, बाहेर येतो, पुन्हा जातो, साधारण १०० मिनिटांच्या फेऱ्याने. त्यावर लगेच आक्षेप आला की बाहेरून घातलेला जास्तीचा रेलए हे झोके निर्माण करत असेल. पुढे पेशीच्या स्वतःच्या रेलएलाच चमकती शेपटी जोडून पाहिलं, तरी झोके दिसले.

यात तुमच्यासाठी एक इशारा आहे. ब्लॉटमध्ये लाखो पेशींची सरासरी असते. पहिला फेरा सगळ्या पेशी एकदम सुरू करतात, म्हणून पट्टीचं जाणं-येणं स्वच्छ दिसतं. दुसऱ्या फेऱ्यापर्यंत त्या एकमेकींपासून मागेपुढे झालेल्या असतात आणि सरासरीत झोके पुसले जातात. तीन तासांनी पट्टी ‘स्थिर’ दिसली म्हणून पेशी स्थिर झाली असं समजू नका.

या वर्तुळाचं महत्त्व कशावरून? उंदरांवरच्या तीन प्रयोगांचं उत्तर मला सगळ्यांत पटतं, आणि ती तीन उत्तरं एकत्र ठेवूनच वाचावीत. आयकप्पाबी-अल्फाचं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मतात, पण आठवडा-दहा दिवसांत दाहाने मरतात. हे १९९५ मध्ये कळलं. यावरून एवढंच सिद्ध होतं की प्रथिन महत्त्वाचं आहे. मग १९९८ मध्ये आयकप्पाबी-अल्फाच्या जागी, त्याच्याच प्रमोटरच्या ताब्यात, आयकप्पाबी-बीटाचं जनुक बसवलेले उंदीर तयार केले गेले. ते जगले! बीटा हे वेगळं प्रथिन. एरवी ते एनएफ-कप्पा-बीच्या हुकमावर असं चटकन बनत नाही. योग्य प्रमोटर मिळाल्यावर त्याने अल्फाचं काम निभावलं. २०१० मध्ये याच्या उलट बाजूचा प्रयोग झाला. आयकप्पाबी-अल्फाच्या प्रथिनाला हात न लावता फक्त त्याच्या प्रमोटरमधल्या एनएफ-कप्पा-बीच्या जागा बिघडवल्या. प्रथिन होतं तसंच, फक्त मागणीनुसार भरून येईना. या उंदरांच्या अनेक अवयवांत लिम्फोसाइट शिरले, लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींना माणसातल्या श्योग्रेन आजारासारखा विकार झाला, आयुष्यही घटलं.

तिन्ही उत्तरं शेजारी ठेवली की तुमच्या दुसऱ्या शंकेला उत्तर मिळतं. संदेशवहनाच्या एखाद्या भागाचं वागणं त्याच्या प्रथिनाच्या रचनेइतकंच, कधी त्याहून जास्त, त्याच्या जनुकावर कोण बसतं आणि कधी बसतं यावर ठरतं.

दुसरा ब्रेक ए२०. याचं जनुक टीएनएफएआयपी३. नावातच आहे की टीएनएफमुळे चालू होणाऱ्या जनुकांत ते सापडलं, विश्व दीक्षित यांच्या गटाने १९९० मध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींमध्ये. हेसुद्धा एनएफ-कप्पा-बीच चालू करतो, पण आयकप्पाबी-अल्फाप्रमाणे ते रेलएला पकडत नाही. ते वर, रिसेप्टरजवळच्या युबिक्विटिनच्या जाळ्यापाशी जाऊन आयकेकेचं जागं राहणंच कठीण करतं. म्हणजे एका फॅक्टरने दोन ब्रेक बनवले: एक स्वतःसाठी, दुसरा आपल्याला जागं करणाऱ्यासाठी. ए२० युबिक्विटिन कापतं म्हणून ब्रेक लागतो, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. नंतर कापण्याची ती जागा निकामी केलेले उंदीर बऱ्यापैकी धडधाकट निघाले, तर युबिक्विटिनला नुसतं धरून ठेवणारं झिंकचं बोट बिघडवल्यावर संधिवात झाला. त्यामुळे कापण्यापेक्षा धरून ठेवणं महत्त्वाचं असावं, असं माझं मत झालं आहे.

ए२० पूर्ण नसलेले उंदीर लहानपणीच दाहाने आणि खंगून मरतात. माणसात दोन प्रतींपैकी एक जरी निकामी असली तरी लहान वयात तोंडात आणि जननेंद्रियांवर व्रण, ताप, सांधेदुखी असा बेशे आजारासारखा त्रास होतो. त्याचं वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. ब्रेकचं प्रमाण निम्मं झाल्यानेच आजार होतो, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात. ट्रान्स्क्रिप्शनवर काम करणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. बनण्याचा वेग अर्धा झाला की ब्रेक लागायला उशीर होतो आणि तेवढ्यात बरंच काही घडून जातं. हॉजकिन लिम्फोमाच्या पेशींत हेच दोन्ही ब्रेक, ए२० आणि आयकप्पाबी-अल्फा, मोडलेले सापडतात.

ब्रेकशिवाय बाकीच्या यादीवरून भरभर जातो. एनएफ-कप्पा-बी टीएनएफचं आणि आयएल-१-बीटाचं जनुकही चालू करतो, म्हणजे शेजारच्या पेशींना तोच संदेश पुढे जातो. पी१०५ आणि पी१०० (पी५० आणि पी५२ यांची मूळ लांब रूपं), सी-रेल, रेलबी ही स्वतःच्या कुटुंबाचीही जनुकं तो चालवतो, त्यामुळे काही तासांनी पेशीतल्या जोड्यांचं मिश्रणच बदलतं. आणि सी-आयएपी२, सी-फ्लिप, ट्राफ१ ही पेशीला मरू न देणारी प्रथिनं. टीएनएफचा रिसेप्टर एका हाताने एनएफ-कप्पा-बी आणि दुसऱ्या हाताने मृत्यूची वाट चेतवतो. पहिल्याने वेळेत ही प्रथिनं बनवली तर पेशी वाचते. रेलए नसलेले उंदीर गर्भातच मरतात कारण यकृताच्या पेशी मरतात, आणि टीएनएफही काढून टाकलं तर ते यकृत वाचतं. तुमच्या हेला पेशी नुसत्या टीएनएफने सहसा मरत नाहीत त्याचं कारण हेच.

ब्रेकचा क्रोमॅटिनशी आणखी एक संबंध आहे. २०२१ मध्ये हॉफमन यांच्याच गटाने मॅक्रोफेजमध्ये दाखवलं की एनएफ-कप्पा-बी झुलत येत-जात राहिला तर बंद क्रोमॅटिन बंदच राहतं. सलग बसून राहिला तर तो न्यूक्लिओसोम सोडवून नवे एन्हान्सर उघडू शकतो. आयकप्पाबी-अल्फाचं वर्तुळ बिघडवलं तर ज्या टीएनएफने एरवी झोके येतात त्यानेही नवे एन्हान्सर उघडू लागले. एवढ्याशा ब्रेकने पेशीने काय लक्षात ठेवायचं हेही ठरतं, हे मला गेल्या काही वर्षांतलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण वाटतं.

हीच युक्ती इतर वाटांवर ठिकठिकाणी दिसते. स्टॅट फॅक्टर सॉक्सची जनुकं चालवतात आणि सॉक्स स्टॅटना जागं करणाऱ्या जॅक कायनेजना आवरतात. टीजीएफ-बीटाच्या वाटेवर स्मॅड३ आणि स्मॅड४ मिळून अवरोधक स्मॅड७ बनवतात. विंटमध्ये अ‍ॅक्सिन२, ईआरकेमध्ये डस्प६, हेजहॉगमध्ये पॅच्ड१ हे तसेच ब्रेक. पी५३ हा डीएनए बिघडल्यावर जागा होणारा फॅक्टर एमडीएम२ बनवतो, तेच पुढे पी५३ला नष्ट करतं, आणि तिथेही एकेका पेशीत साडेपाच तासांच्या सुमाराचे झोके दिसले आहेत. प्रयोगशाळेत याचा व्यावहारिक फायदा आहे: विंटची वाट चालू आहे का, हे पाहायचं तर अ‍ॅक्सिन२चा आरएनए मोजतात. वाट किती चालू होती हे तिचा ब्रेकच सांगतो.

एका वाटेचा फॅक्टर दुसऱ्या वाटेचा ब्रेकही बनवू शकतो, आणि यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण स्टेरॉइडचं आहे. डेक्सामेथासोन ज्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला चिकटतं तो स्वतःच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे. १९९५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की तो आयकप्पाबी-अल्फाचं जनुक चालू करतो. काही काळ स्टेरॉइडचं सगळं रहस्य हेच असं मानलं गेलं. पण अनेक पेशींत ते लागू पडेना. आज चित्र जास्त विखुरलेलं आहे: तो डस्प१ बनवतो, जे पी३८ आणि जेएनके या दाहाच्या कायनेजांचे फॉस्फेट काढतं, गिल्झ हे दाह आवरणारं प्रथिन बनवतो, आणि एनएफ-कप्पा-बी बसलेल्या जागी जाऊन थेट अडथळाही आणतो. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोव्हिड रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. हाच रिसेप्टर यकृतात साखर बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुकंही चालू करतो. २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण हजारोंनी नोंदले गेले, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि बेसुमार स्टेरॉइड ही मोठी कारणं होती. फॅक्टर एकच, जनुकं शेकडो. औषध देताना त्यातली निवडून चालू करता येत नाहीत.

आता प्रयोगाकडे. ०, ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटं असे नमुने घ्या, टीएनएफ १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरे. त्याच नमुन्यांत सेरीन ३२-३६वर फॉस्फेट असलेलं आयकप्पाबी-अल्फा बघा, ते ५ मिनिटांनाच दिसायला हवं. मग दोन नियंत्रणं. एमजी१३२ने प्रोटिअसोम आधी बंद केला तर पट्टी जाणारच नाही आणि फॉस्फेटवाली पट्टी साचत राहील. सायक्लोहेक्सिमाइड घातलं तर पट्टी जाईल पण ६० मिनिटांनी परत येणार नाही. हे दुसरं नियंत्रण दोन तासांच्या पुढे नेऊ नका. पेशीला वाचवणारी प्रथिनंही बनत नसल्यामुळे टीएनएफ आता तिला मारू लागतं, आणि मग मरणाऱ्या पेशींचा ब्लॉट वाचत बसाल.

सायक्लोहेक्सिमाइडवरून एवढंच कळतं की नवं प्रथिन लागतं. ते रेलएच बनवतो हे दाखवायला आणखी दोन गोष्टी हव्यात. एक, रेलएविरुद्धच्या अँटिबॉडीने चिप करून एनएफकेबीआयएच्या प्रमोटरवर ३० मिनिटांनी वाढ दाखवणं. शेजारच्या, जनुक नसलेल्या एखाद्या डीएनएच्या पट्ट्यावर ती दिसता कामा नये. दोन, आरएनए मोजताना इंट्रॉनमधले (आरएनएमधून नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागातले) प्राइमर वापरणं, म्हणजे नुकताच बनत असलेला आरएनए मोजला जातो. एक्सॉनच्या प्राइमरने साठा मोजला जातो, आणि साठा वाढला म्हणजे बनणंच वाढलं असं नाही. आरएनएचं तुटणं मंदावलं तरी तो वाढतो. आधी रेलए काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या तर उत्तमच.

लुसिफरेजच्या रिपोर्टरवर (फॅक्टर जागा झाला की उजेड देणाऱ्या कृत्रिम जनुकावर) विसंबू नका. ओळीने पाच कृत्रिम जागा लावलेला तो प्लाझमिड सोयीचा असतो, पण त्यावर जनुकाच्या मूळ जागेसारखं क्रोमॅटिन नसतं, म्हणून कोणतं जनुक तत्पर आणि कोणतं आळशी हा सगळा प्रश्नच गळून पडतो. शिवाय लुसिफरेज लवकर तुटत नाही. एनएफ-कप्पा-बी आत येऊन बाहेर गेला तरी उजेड वाढतच राहतो, आणि ब्रेक लागलाच नाही असा आलेख हाती येतो.

आणि हळदीबद्दल, कारण हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. कर्क्युमिन डिशमध्ये एनएफ-कप्पा-बी दाबतं हे १९९५ पासून छापून येत आहे. पण तो रेणू अस्थिर आहे, अनेक प्रथिनांना चिकटतो, स्वतः चमकतो आणि कित्येक चाचण्यांत खोटा परिणाम दाखवतो. तोंडावाटे घेतलेला रक्तात फारच थोडा पोहोचतो. प्रकल्पात तो ‘एनएफ-कप्पा-बीचा अवरोधक’ म्हणून वापरू नका. बे ११-७०८२ हे रसायनसुद्धा त्याच कारणासाठी टाळा. अवरोधक हवाच असेल तर आयकेके-बीटावर नेमका काम करणारा एखादा घ्या आणि त्याच्या जोडीला सेरीन ३२ आणि ३६च्या जागी अ‍ॅलानिन घातलेलं आयकप्पाबी-अल्फा पेशीत बनवा. त्यावर फॉस्फेट लागूच शकत नाही, त्यामुळे ते तुटत नाही आणि रेलएला सोडत नाही. दोन्हींचा परिणाम सारखा आला तर परीक्षकासमोर निर्धास्त उभं राहता येईल.